रेग्युलेटरची खंडेनवमी

मारुंजीतल्या त्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये विकणाऱ्यानं काळ्या बॅगेची चेन उघडली तेव्हा मी सगळ्यात आधी वास घेतला. रबराचा वास होता, थोडा खाऱ्या पाण्याचा, थोडा डांबरगोळ्यांचा. तेलाचा नव्हता. तेलाचा असता तर मी आल्या पावली परत जाणार होते.

विकणारा हिंजवडीतल्या कुठल्याशा कंपनीत होता आणि महिन्याभरात परदेशी निघाला होता. हॉलभर खोकी रचलेली. फ्रिजवर कुणाच्या तरी नावाची चिठ्ठी, सोफा कधीच गेलेला. फरशीवर वर्तमानपत्र अंथरून त्यावर त्यानं रेग्युलेटर ठेवला. पाण्याखाली श्वास घ्यायचं यंत्र ते हेच. सिलिंडरच्या तोंडावर बसणारा एक चकचकीत धातूचा गोळा आणि त्यातून निघालेल्या तीन काळ्या नळ्या. एकीच्या टोकाला तोंडात धरायचा भाग, दुसरीच्या टोकाला तसाच पिवळा, अडचणीत सापडलेल्या जोडीदाराला द्यायचा, आणि तिसरीच्या टोकाला प्रेशर गेज.

"एकदम मस्त कंडिशन आहे, मॅडम. आठ-दहा वेळाच वापरलाय."

"सर्व्हिसिंग कधी केलं?"

"गरजच पडली नाही."

अशी वाक्यं ऐकली की माझ्या मानेवर काटा येतो. मी पर्समधून टॉर्च आणि भिंग काढलं आणि फरशीवर मांडी ठोकली. रबराच्या प्रत्येक घडीत भेगा शोधल्या, गोळ्याच्या तोंडाशी हिरवा गंज आहे का ते पाहिलं, नळ्या वाकवून पाहिल्या. तो बिचारा उभाच.

"तुम्ही नक्की काय करता?" त्यानं शेवटी विचारलं.

"कॅलिब्रेशन."

त्याला काही कळलं नसावं, कारण त्यानं लगेच किंमत कमी केली.

चाकणमध्ये गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी गेली बारा वर्षं हेच करते. कारखान्यातली मोजमापाची साधनं आमच्या थंड खोलीत येतात. मायक्रोमीटर, डायल, प्रेशर गेज. ती खरं बोलतात की खोटं, हे मी तपासते. खरी निघाली की हिरवं स्टिकर, खोटी निघाली की लाल. बाहेरचे लोक आमच्या खोलीला देवघर म्हणतात, कारण चपला बाहेर काढाव्या लागतात आणि आत कुणी मोठ्यानं बोललं की मी डोळे वटारते. स्वभावच तसा झालाय. हॉटेलात वजनकाटा दिसला तरी मी त्यावरची तारीख वाचते.

डायव्हिंग शिकवणाऱ्या सरांनी मला बजावलं होतं की बजेट कमी असेल तर आधी मास्क घ्या. स्वतःच्या चेहऱ्याला बसणारा मास्क, मग पायातले फिन्स. रेग्युलेटर शेवटी, तोवर आमचा वापरा. जगात सगळे याच क्रमानं घेतात, आणि बरोबरच आहे ते. पण श्रावणात मला भिशी लागली तेव्हा त्या पैशात एकच वस्तू बसत होती, आणि मी क्रम उलटा केला. मास्क गळला तर डोळ्यांत पाणी जातं. ज्याच्यातून श्वास घ्यायचा ते यंत्र मात्र मला दुसऱ्या कुणी तपासलेलं नको होतं. ते मी तपासणार होते. कारण एका यंत्रानं मला एकदा फसवलं होतं, आणि त्याची किंमत आईनं दिली होती.

ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही, म्हणून सांगून टाकते.

साथीच्या दुसऱ्या लाटेत आईला कुठंच बेड मिळेना. आकुर्डीच्या आमच्या दोन खोल्यांत अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कुठूनतरी ऑक्सिजनचा सिलिंडर आणला. कारखान्यातला मोठा, काळा. त्यावरच्या प्रेशर गेजची काच फुटलेली होती आणि काटा गायब होता. धड होती ती फक्त फ्लोमीटरची नळी. तिच्यात एक छोटी गोटी असते. ऑक्सिजन वाहायला लागला की ती वर चढते, आणि ज्या आकड्याशी थांबते तेवढे लिटर. खाली पाण्याची बाटली, तिच्यात बुडबुडे. अण्णांनी चौतीस वर्षं इथल्याच दुचाकीच्या कारखान्यात प्रेस शॉपच्या गोंगाटात काढली, त्यामुळे त्यांना ऐकू कमी येतं. मला फर्स्ट शिफ्टला जाणं भाग होतं. निघताना मी त्यांना खुर्ची ओढून दिली आणि म्हणाले, "बाकी काही बघू नका अण्णा. गोटी पाचवर आहे ना, एवढंच बघा."

चारला परत आले. अण्णा आत चहा करायला गेले होते. आई डोळे मिटून पडली होती, ओठ काळसर. गोटी पाचवर होती. बाटलीतलं पाणी मात्र स्वस्थ होतं. मी गेजवाल्यांच्या सवयीनं नळीवर नखानं टिचकी मारली आणि गोटी टपकन खाली पडली. शून्यावर. सिलिंडर कधीचाच संपला होता. आतल्या ओलाव्यानं गोटी नळीला चिकटून वर बसली होती. मी धडपडत दुसरा सिलिंडर लावला, गोटी पुन्हा चढली, बुडबुडे सुरू झाले. आई त्यानंतर दोन दिवस होती. डॉक्टर म्हणाले की फुप्फुसं तशीही राहिली नव्हती. असेलही. गोटी किती वेळ खोटं बोलत होती ते मात्र कुणालाच कळणार नाही.

अण्णांना मी हे कधी सांगितलं नाही. ते सकाळपासून त्या गोटीकडे बघत बसले होते, माझ्या सांगण्यावरून. त्यांना काय सांगायचं होतं?

नंतर दोन वर्षांनी कंपनीची सहल कोकणात गेली आणि तिथं पर्यटकांना फोटोपुरतं पाण्यात बुडवून आणतात ते मी घाबरत घाबरत केलं. खाली गेल्यावर कानात बुडबुडे वाजले. आईच्या बाटलीत वाजायचे तसेच. पण प्रत्येक बुडबुडा म्हणजे मी आत्ता सोडलेला श्वास होता, तो वर जाताना मला दिसत होता, आणि गेजवरचा काटा त्या हिशेबानं सरकत होता. एवढं खरं बोलणारं काहीतरी मला फार दिवसांनी भेटलं होतं. परत आल्यावर मी पिंपरीतल्या एका क्लबच्या तलावावर सरांच्या रविवारच्या वर्गात नाव घातलं. सर नौदलातून निवृत्त झालेले, मालवणकडचे, बोलायला कमी. दर रविवारी मला भीती वाटायची आणि तरी मी जायची. त्याचं कारण मला नीटसं सांगता येत नाही.

तर तो रेग्युलेटर घेऊन मी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास स्कूटरवर अडकले आणि घरी आले. अण्णांनी बॅग उघडलेली पाहिली, गेज पाहिलं, नळ्या पाहिल्या. त्यांचा चेहरा उतरला.

"सिलिंडर घरात आणायचा न्हाई," ते म्हणाले. आमचं मूळ गाव बीडकडचं, आणि आकुर्डीत एवढी वर्षं काढूनही त्यांच्या जिभेवरचं गाव गेलेलं नाही.

"सिलिंडर सरांचा असतो. घरात नाही येणार."

ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. पुढचे कितीतरी दिवस त्यांनी त्या बॅगेकडे पाहिलं नाही. रविवारी मी निघाले की ते आंघोळीला जायचे, म्हणजे जा म्हणायला नको आणि जाऊ नको म्हणायला नको.

मी माझं काम केलं. ओळखीच्या सर्व्हिसवाल्याकडून रबराच्या रिंगा बदलून घेतल्या. गेज आमच्या खोलीत तपासता येईना, कारण आमचा टेस्टर तेलावर चालतो आणि श्वासाच्या वाटेत तेल गेलेलं चालत नाही. मग चाकणमध्येच एकाकडे नायट्रोजनवर तपासून घेतलं. शून्यापासून वरपर्यंत जाताना आणि उतरताना, काटा अगदी इमानदार निघाला. मी त्याला आमचं हिरवं स्टिकर लावलं, तारखेसकट. सर ते पाहून पहिल्यांदा हसले. "आता समुद्राकसुद्धा एक लावा," म्हणाले.

मला वाटलं, आता काही राहिलं नाही. सगळं तपासून झालं.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. कंपनीत मशिनींना हार घालतात आणि पेढे वाटतात, पण घरची पूजा अण्णांची. पाटावर लाल कापड, त्यावर त्यांचा जुना मायक्रोमीटर, पाने, हातोडी, विळी, माझी भिंगाची डबी. सगळ्यांना हळद-कुंकू, अक्षता, झेंडूची फुलं. त्या दिवशी हत्यार कामाला घेत नाहीत. ते जिवाला सांभाळतं म्हणून एक दिवस त्याला सांभाळायचं, असं अण्णा म्हणतात. त्या वर्षी पाट मांडून झाला, आणि निरांजन लावायच्या आधी ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "ते तुझं बी आन."

"काय?"

"पाण्यातलं. ते बी हत्यारच की. तुला सांभाळायचंय त्यानं."

मला रडू आलं असतं, पण आमच्या घरात तसं करत नाहीत. मी पळत जाऊन बॅग आणली. अण्णांनी रेग्युलेटर दोन्ही हातांनी घेतला, पाटाच्या मधोमध ठेवला, नळ्या नीट वळवून गोल केल्या. गोळ्याला ओलं गंध-कुंकू लावलं, गेजला लावलं, आणि तोंडात धरायच्या भागाला तर सगळ्यात जास्त लावलं. मग हळदीच्या मूठभर अक्षता सगळ्यांवर टाकल्या. हात जोडून बराच वेळ डोळे मिटून बसले. मी त्यांच्या शेजारी बसले होते, आणि कितीतरी दिवसांनी मला भीती वाटत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी पाट उचलला. बाकीची हत्यारं पुसली. रेग्युलेटर मात्र वरवर झटकला. नियमानं तो भरपूर पाण्यात खळबळून धुवायचा असतो, मला तो नियम पाठ आहे, इतरांना मी तो ऐकवत असते. पण अण्णांचं कुंकू माझ्यानं धुववेना. बारा वर्षं दुसऱ्यांच्या हलगर्जीपणावर लाल स्टिकर लावणारी मी, कुंकवासकट ते यंत्र बॅगेत घालून पुढच्या रविवारी तलावावर गेले.

उडी मारायच्या फळीखाली तो तलाव चौदा फूट खोल आहे. वर उन्हाचे कवडसे, खाली निळ्या फरश्या. सर आणि मी तळाशी गुडघ्यांवर बसलो. पहिले श्वास छान आले. मी गेज पाहिलं, हवा भरपूर होती. सरांनी खूण केली, मी खूण केली. मग मी एक श्वास सोडला आणि पुढचा घेतला, आणि हवेबरोबर घोटभर पाणी आलं.

ठसका लागला. पाण्याखाली ठसका काय असतो ते सांगून कळत नाही. पुढचा श्वास घेतला, त्यात हवा कमी आणि पाणी जास्त. तोंडाजवळचं बटण दाबलं, शिकवलं होतं तसं. हवेचा झोत आला, पाणी गेलं, मी श्वास घेतला आणि पुन्हा पाणी. घशात क्लोरीनची आग. मी गेज डोळ्यांशी आणलं. काटा जिथं हवा तिथं. त्याच्या शेजारी माझं हिरवं स्टिकर, माझ्याच अक्षरात तारीख. काटा खरं बोलत होता आणि मला श्वास येत नव्हता.

त्या क्षणी मला आई दिसली असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला काही दिसलं नाही. फक्त एक प्रश्न डोक्यात आला, आणि तो अजून गेलेला नाही. गोटी पाचवर असताना आईला असंच वाटत होतं का? आणि ती कुणाला सांगणार होती?

मग मला काही सुचलं नाही. छातीवर माझाच पिवळा जोड लटकत होता, तो आठवला नाही. मी श्वास कोंडला आणि वर उसळले, जे कधीही करायचं नसतं, कारण कोंडलेली हवा वर येताना फुगते आणि छाती फाडू शकते. सरांनी माझा पट्टा धरून मला खाली ओढलं, माझ्या तोंडातलं ओढून काढलं आणि स्वतःचा पिवळा कोंबला. मी त्यांच्या हवेवर श्वास घेतला. त्यांनी दोन्ही हातांनी माझे खांदे धरले होते आणि ते माझ्या डोळ्यांत बघत होते, मी पुन्हा उसळू नये म्हणून. वर यायला एक मिनिट लागलं असेल. मला ते फार मोठं वाटलं.

काठावर बसून मी ओकले. सरांनी माझा रेग्युलेटर घेतला, तोंडाचा भाग उघडला, खालची रबरी झडप बोटानं उचलली. श्वास सोडला की ही झडप उघडते आणि बुडबुडे बाहेर जातात. घेतला की ती मिटते, पाणी बाहेरच राहतं. तिच्या कडेखाली काहीतरी होतं. सरांनी ते नखावर घेतलं.

"तांदूळ," ते म्हणाले. "पिवळो कसो?"

तोंडाच्या भागातून दाणा आत पडला असणार आणि ओल्या कुंकवानं आतच चिकटून राहिला असणार. पाण्यानं कुंकू सुटलं, दाणा सुटला, आणि माझ्याच श्वासानं तो झडपेखाली नेऊन बसवला. झडप मिटेना.

"माहीत नाही," मी म्हणाले.

आतल्या बाजूला लाल रंग होता, तो सरांनाही दिसत होता. त्यांनी तो दाणा माझ्या हातावर ठेवला. मग मला एक साधी गोष्ट शिकवली. सिलिंडर न लावता, गोळ्याचं तोंड टोपणानं बंद करायचं, तोंडाचा भाग ओठांत धरायचा आणि हवा ओढायची. हवा आली, तर झडप गळते आहे. हवा अजिबात आली नाही, जीव गुदमरला, तर यंत्र चांगलं आहे. "पाण्यात जाण्याआधी, दर वेळी," ते म्हणाले.

घरी गेले तेव्हा अण्णा दारातच होते.

"कसं झालं?"

"छान," मी म्हणाले. "एकदम छान."

त्यांनी मान हलवली. त्या दिवसापासून त्यांनी रविवारी आंघोळीला पळणं सोडलं. मी निघाले की ते जिन्यापर्यंत यायला लागले. माझ्यावर दुसऱ्यांदा तीच वेळ आली होती. त्यांच्या हातून, प्रेमानं, एक बारीकशी गोष्ट अडकली होती, आणि ते फक्त मला माहीत होतं.

रेग्युलेटर मी धुतला, सुकवला आणि कपाटात टाकला. तलावावर जात राहिले, पण सरांचं यंत्र घेऊन, आणि कमरेएवढ्या पाण्याच्या पुढं गेले नाही. तोंड पाण्याखाली गेलं की घशात ती आग उठायची. समुद्रातल्या परीक्षेची एक तुकडी गेली, मी ताप आल्याचं सांगितलं. दुसरी गेली, तेव्हा ऑडिट आहे म्हणाले. ऑडिट नव्हतं. पोहायला येणाऱ्या बाया मला विचारायच्या, तुमची ट्रिप कधी? मी म्हणायची, बघू. तांदळाचा दाणा ऑफिसच्या खणात होता, प्लास्टिकच्या पुडीत. त्यावर काही लिहिलं नव्हतं.

वर्ष फिरलं. दसऱ्यानंतरच्या शुक्रवारी सरांची पुढची तुकडी समुद्रावर निघणार होती. "या वेळी नाही आलात तर परत विचारणार नाही," ते म्हणाले, आणि ते तसं करतील हे मला ठाऊक होतं. मी हो म्हटलं नव्हतं, नाही म्हटलं नव्हतं. खंडेनवमी आली. आदल्या दिवशी मी ती पुडी घरी आणली. कशासाठी ते माझं मलाच माहीत नव्हतं.

अण्णांनी पाट मांडला. मायक्रोमीटर, पाने, हातोडी, विळी. मग स्वतःच कपाटातून रेग्युलेटर काढला, मधोमध ठेवला, नळ्या गोल वळवल्या. कुंकवाची वाटी, अक्षतांची वाटी. त्यांनी मूठ भरली.

मी वर्षभर मनात वाक्यं तयार केली होती. त्यातलं एकही आलं नाही.

"अण्णा, त्यावर अक्षता नको."

हात थांबला. "कामून?"

मी पुडी उघडून दाणा त्यांच्या तळहातावर ठेवला आणि सांगितलं. मागच्या वर्षी हा आत गेला, झडपेखाली अडकला, चौदा फुटांवर, मला श्वास येईना, सरांनी वाचवलं. मोठ्यानं सांगावं लागलं, कारण त्यांना ऐकू कमी येतं. अशा गोष्टी ओरडून सांगायला फार वाईट वाटतं.

अण्णांनी दाणा चष्म्याशी नेला. फिरवून फिरवून पाहिला, प्रेसवरून निघालेला एखादा जॉब पाहावा तसा.

"म्हंजे गोटीवाणी," ते म्हणाले.

"कोणती गोटी?" मी विचारलं, जणू मला माहीतच नव्हतं.

"तू नखानं टिचकी मारलीस तवा मी दारातच होतो. चहा हातात होता."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलली न्हाईस. मला वाटलं, अण्णाला कळू नये आसं तुझ्या मनात आसंल. मग ऱ्हाऊ दिलं." ते पाटाकडे बघत बोलत होते. "आन् बाई, बुडबुडे थांबलेले मला दिसले होते. लई येळ थांबलेलेच होते. पर तू म्हणली होतीस, बाकी काही बघू नका. गोटी पाचवर होती. मी म्हणलं, पोरीला यातलं कळतंय. गोटी खरी आसंल."

खाली रस्त्यावर कुणीतरी झेंडूचा भाव विचारत होतं. मला अण्णांचा हात धरावासा वाटला आणि धरता आला नाही. एवढी वर्षं मी त्यांना वाचवत होते असं मला वाटत होतं, आणि ते मला वाचवत बसले होते.

"माझं चुकलं, अण्णा," मी म्हणाले.

ते ऐकू आलं की नाही, मला कळलं नाही. त्यांनी मुठीतल्या अक्षता वाटीत परत टाकल्या, तांदळाचा दाणाही त्यातच टाकला, आणि धोतरालाच हात पुसला.

"आता यात काही अडकलं हाय का न्हाई, ते कसं बघतीस?"

मी गोळ्याचं टोपण घट्ट बसवलं आणि त्यांना सांगितलं. हे तोंडात धरायचं आणि ओढायचं. हवा आली तर खराब.

"दे हिकडं."

"मी करते अण्णा."

"दे म्हणलं ना."

त्यांनी कवळी काढून पाटाच्या कडेला ठेवली, रबर ओठांत धरलं आणि ओढलं. गाल आत गेले. गळ्याच्या शिरा वर आल्या. त्यांचे डोळे मोठे झाले, आणि त्या डोळ्यांत मला तेच दिसलं जे मी तळाशी बसून भोगलं होतं. मी हात पुढं केला, पण त्यांनी मला मानेनंच नको म्हटलं. सोडलं, धाप घेतली, आणि पुन्हा ओढलं. या वेळी जास्त वेळ.

"न्हाई येत," ते धापा टाकत म्हणाले. "हवा न्हाईच येत."

"यायला नको, अण्णा. नाही आली म्हणजे बरोबर आहे."

त्यांनी तोंडाचा भाग सदऱ्याच्या टोकानं पुसला. कुंकवात बोट बुडवलं आणि धातूच्या गोळ्याला, तोंडापासून लांब, एकच टिकली लावली. मग तो माझ्या मांडीवर ठेवला.

"मग जा," ते म्हणाले.